घड्याळजींची चार मिनिटं

मास्तरीणबाईंना सहा आठवड्यांसाठी परदेशी जायचं आहे हे कळलं, तेव्हा घड्याळजी एका मनगटी घड्याळाच्या पोटात चिमटा घालून बसले होते. त्यांनी मान वर केली नाही. थोड्या वेळानं डोळ्यावरचं भिंग काढलं, सदऱ्याच्या टोकानं पुसलं आणि पुन्हा लावलं. एकतीस वर्षांच्या संसारानंतर मास्तरीणबाईंना एवढं पुरेसं होतं. नवऱ्याला वाईट वाटलंय आणि तरी तो जाऊ नकोस म्हणणार नाही, हे सगळं त्यात आलं.

मास्तरीणबाई कपड्यांच्या कारखान्यात कटिंग मास्तर होत्या. कापडाचे चाळीस-चाळीस थर अंथरायचे, वर कागदी फर्मे मांडायचे, आणि ते असे मांडायचे की बाही कॉलरच्या कुशीत बसावी, खिसा पाठीच्या कोपऱ्यात निघावा आणि चिंध्या मुठीत मावतील एवढ्याच पडाव्यात. या बेतण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. मालकांनी परदेशात नवा कारखाना काढला होता आणि तिथल्या बायकांना हे काम शिकवायला त्यांना धाडलं होतं. सोबतीला काजवाली होती. ती काजं पाडायच्या यंत्रावर बसायची म्हणून काजवाली. मास्तरीणबाईंपेक्षा वयानं निम्मी आणि बोलण्यात दुप्पट.

घड्याळजींचं दुकान घराखालच्याच गाळ्यात होतं. माणूस कामाला चोख, स्वभावानं गरीब, फक्त बोलायचा कंटाळा. जेवताना "मीठ" म्हणाले तर मीठ कमी की जास्त हे त्यांच्या भुवयांवरून ओळखायचं. मुलगी दूरच्या गावी नोकरीला होती; तिनं वडिलांना मोठ्या पडद्याचा फोन आणून दिला होता. फोन ऐकायला असतो, बघायला नाही, असं म्हणून त्यांनी तो खोक्यासकट कपाटात ठेवला होता. त्यांच्याकडे बटणांचा जुना फोन होता आणि त्यावर ते खूश होते.

परदेशी पोचल्या दिवशी मास्तरीणबाईंनी उत्साहानं आपल्या फोनवरून घरी फोन लावला. अकरा मिनिटं बोलणं झालं. त्यातली सहा "ऐकू येतंय का" आणि "हो, तुला येतंय का" यात गेली, दोन मिनिटं घड्याळजींनी खिडकी उघडून बंद करण्यात घालवली, आणि तब्येतीची चौकशी संपते न संपते तोच फोन मुका झाला. महिनाभर पुरेल म्हणून भरलेला रिचार्ज अकरा मिनिटांत फस्त झाला होता. काजवालीनं कपाळाला हात लावला. ती स्वतः वसतिगृहाच्या फुकटच्या इंटरनेटवरून रोज संध्याकाळी तासभर घरच्यांशी तोंड बघून बोलायची. तिच्या मुलांना वसतिगृहातला पंखा, चादर, साबणाची वडी, सगळं पाठ झालं होतं. पण बटणांच्या फोनला तोंड कुठलं दाखवणार?

चार-पाच दिवस कसेबसे गेले. मग काजवालीनंच कारखान्यामागच्या गल्लीतलं एक दुकान शोधून काढलं. एवढंसं दुकान, आत एक खुर्ची, भिंतीवर आठ देशांच्या वेळा दाखवणारी आठ घड्याळं, आणि गल्ल्यावर फोनची कार्डं माळेसारखी टांगलेली. कार्डवाल्याला यांची भाषा येत नव्हती, यांना त्याची. पण घरापासून लांब आलेल्या माणसाला काय हवं असतं हे त्याला न सांगता कळत होतं. त्यानं कार्डावरचा चंदेरी पट्टा नखानं खरवडून दाखवला, खालचा आकडा फोनवर दाबून दाखवला आणि बोटांवर समजावलं: एका कार्डात मिनिटं इतकी, आणि फोन जितक्या वेळा जोडाल तितक्या वेळा एकेक मिनिट फुकट जाणार. मास्तरीणबाईंनी उभ्याउभ्याच हिशेब बांधला. दिवसातून एकदाच फोन करायचा, चार मिनिटं बोलायचं. म्हणजे एक कार्ड आठवडाभर पुरतं.

चार मिनिटं म्हणजे हातभर कापड. मास्तरीणबाईंनी ती कापडासारखीच बेतली. काय विचारायचं, काय सांगायचं हे आदल्या संध्याकाळी एका फर्म्याच्या पाठीवर लिहून ठेवायचं. "काय चाललंय", "बरं" आणि "अजून काय" हे तीन शब्द कायमचे बाद. दुपारच्या सुट्टीत जेवणघराबाहेरच्या बोळातल्या, भिंतीवरच्या फोनवरून लावायचा, कारण त्या वेळी घरी संध्याकाळ असते आणि घड्याळजी दुकानात असतात. हे सगळं त्यांनी पहिल्याच फोनवर पाऊण मिनिटात सांगितलं. घड्याळजी "समजलं" म्हणाले. त्यांच्या हाताशी सेकंद मोजायचं थांबा-घड्याळ असणार हे मास्तरीणबाईंना न सांगता कळलं, कारण बरोबर चार मिनिटांनी त्यांनी "झाली" म्हटलं आणि फोन ठेवला.

आणि मग एक नवल घडलं. घड्याळजी बोलायला लागले.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी सांगितलं की दुकानात एक आजोबा आले होते. त्यांचा गजर रोज दहा मिनिटं आधी वाजतो अशी तक्रार होती. घड्याळजींनी तो नीट करून दिला. आज आजोबा पुन्हा हजर. म्हणाले, माझी दहा मिनिटं परत करा; घरातला चहा त्या दहा मिनिटांतच व्हायचा, आता मी उठतो तेव्हा सूनबाईंनी भांडं घासून पालथं घातलेलं असतं. मास्तरीणबाई त्या बोळात एवढ्या हसल्या की जेवणघरातून दोघी-तिघी डोकावल्या.

मग दोघे भाऊ आले. वडिलांचं साखळीचं घड्याळ एकच, वारस दोन. एक आठवडा थोरल्याकडे, एक आठवडा धाकट्याकडे. थोरल्याला घड्याळ दहा मिनिटं पुढं लागतं, धाकट्याला दहा मिनिटं मागं. दर सोमवारी काटे फिरवून फिरवून चावी सैल झाली होती आणि दोघे एकमेकांवर खापर फोडत होते. परवा म्हणे त्यांनी दुकानात एक तोड सुचवली: घड्याळाला काट्यांच्या दोन जोड्या बसवून द्या, एक काळी, एक तांबडी.

आणि एक नवरदेव. त्याचं घड्याळ एरवी ठणठणीत चालायचं, पण सासरवाडीचा उंबरा ओलांडला की बंद. घरी परतला की पुन्हा सुरू.

मास्तरीणबाईंना कळेना, हाच का तो माणूस. एकतीस वर्षांत दुकानातलं एक गिऱ्हाईक कधी जिना चढून वर आलं नव्हतं आणि आता रोज एकेक जण समुद्र ओलांडून येत होतं. त्यांना वाटलं, आपणच कधी विचारलं नाही. किंवा विचारलं असेल, पण हातात लाटणं घेऊन, पाठमोऱ्या.

कारखान्यात त्यांच्याकडे आठ बायका शिकत होत्या. मध्ये एक दुभाषी पर्यवेक्षिका. सुट्टीनंतर मास्तरीणबाई हसतच आत यायच्या, तेव्हा एकीनं कारण विचारलं. मास्तरीणबाईंनी दुभाषीला सांगितलं, दुभाषीनं त्यांना सांगितलं, आणि आठ जणी टेबलाला धरून हसल्या. तेव्हापासून रोजचा नेम पडला. मास्तरीणबाई हातात खडू घेण्याआधी दुभाषीनं पुढची हकिकत सांगायची. त्या बायकांना भावांचा विशेष लळा लागला. निम्म्या थोरल्याच्या बाजूच्या, निम्म्या धाकट्याच्या. एकदा तर या वादात एका थराचा कडेचा धागा वाकडा गेला आणि मास्तरीणबाईंना दम द्यावा लागला.

तिसरा आठवडा सरत आला तेव्हा कार्डवाल्यानं त्यांना खुणेनं बोलावून एक नवं सिमकार्ड पुढं केलं. महिन्याचे पैसे एकदाच भरायचे, मग घरी कितीही बोला. "कितीही" हे सांगताना त्यानं दोन्ही हात असे पसरले की मागची दोन घड्याळं हलली. मास्तरीणबाईंना आधी पटेना. त्यांनी दुभाषीकडून चार वेळा विचारून घेतलं, आणि अखेर घेतलं.

त्या दिवशी त्या जेवल्यासुद्धा नाहीत. अंगणातल्या बाकावर ऐसपैस बसून त्यांनी फोन लावला आणि नवऱ्याला सांगितलं की आता मिनिटांची भानगड संपली, थांबा-घड्याळ बाजूला ठेवा, निवांत बोला.

घड्याळजी म्हणाले, "बरं."

मग काही नाही. मास्तरीणबाईंनी आपलं सगळं सांगून टाकलं. ते चार मिनिटांत संपलं, कारण सवयच तशी लागली होती. मग त्यांनी भावांचं विचारलं. आज आले नाहीत, असं उत्तर आलं. आजोबा? तेही नाहीत. थोडा वेळ दोघंही एकमेकांचा श्वास ऐकत बसले. शेवटी मास्तरीणबाईंच्या तोंडून बाद केलेला "अजून काय" निघून गेला आणि त्यांची त्यांनाच लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी नवरदेव आला होता म्हणे, पण घड्याळाचा सेल संपला होता, बदलून दिला, गेला. दुभाषीनं हे भाषांतर करून सांगितल्यावर आठही जणींचे चेहरे पडले. एकीनं तर तुम्ही नीट ऐकलं नसेल असं सुचवलं.

काजवालीचं मत असं पडलं की पुरुषांना फुकट मिळालेल्या गोष्टीची किंमत नसते, तेव्हा दोन दिवस फोन करूच नये. मास्तरीणबाईंना ते पटलं नाही. पण मनात खोलवर खट्टू झाल्या. त्यांना वाटलं, चार मिनिटांपुरता जो माणूस भेटला होता तो पाहुणा होता; पाहुणा गेला आणि घरचे घड्याळजी परत आले. यात तक्रार करण्यासारखं काही नव्हतं. एकतीस वर्षं त्या याच माणसाबरोबर सुखानं राहिल्या होत्या. तरी पाहुण्याची आठवण यायचीच.

फोन मात्र त्यांनी सोडला नाही. त्या आठवड्यातल्या गुरुवारी सुट्टी संपत आली तरी फोन कानाला होता. इअरफोनची वायर कानात खोचून त्या आत आल्या आणि टेबलावर फर्मे मांडायला लागल्या. पलीकडून घड्याळजी "ठेवतो" म्हणाले. मास्तरीणबाईंच्या एका हातात खडू, दुसऱ्यात मोजपट्टी. पैसे काही पडत नव्हते, म्हणून त्यांनी फोन बंद करायची घाई केली नाही. आणि तिकडे घड्याळजींनी ठेवतो म्हणून फोन खरोखरच नुसता ठेवला, बटण न दाबता.

मास्तरीणबाईंच्या कानात आपलं घर वाजायला लागलं. नळाची धार. ताटाचा आवाज. वाटी पडली, गोल फिरली, थांबली. या वेळी दुकान सोडून हे वर स्वयंपाकघरात काय करतायत, असा विचार त्यांच्या मनात येतोय तोच दार वाजलं आणि शेजारणीचा आवाज आला. शेजारीण पूर्वी दवाखान्यात परिचारिका होती. तिचा आवाज वॉर्डाच्या या टोकाहून त्या टोकाला जायचा.

"भाऊ, पुन्हा भांडी घासताय? मी येतेय म्हटलं होतं ना. प्लास्टर भिजलं म्हणजे?"

घड्याळजींचं उत्तर हळू होतं. पिशवी बांधली आहे, भिजत नाही, असं काहीतरी.

शेजारणीनं खुर्ची ओढली. तिनं विचारलं की वहिनींना अजून सांगितलं की नाही. परत आल्यावर सांगीन, असं घड्याळजी म्हणाले.

"रोज फोन येतो ना त्यांचा? मग बोलता तरी काय?"

"दुकानातलं. गिऱ्हाइकांचं."

"कुठली गिऱ्हाइकं? तीन आठवडे दुकानाला कुलूप आहे."

यावर बराच वेळ नळाचंच पाणी वाजत राहिलं.

"असतात," घड्याळजी म्हणाले.

मास्तरीणबाईंच्या हातातला खडू टेबलावर पडून दोन तुकडे झाला. "अहो," अशी हाक त्यांनी मारली ती सगळ्या कटिंग विभागाला ऐकू गेली. आठ कात्र्या थांबल्या. दुसऱ्या हाकेला तिकडे कपाटाजवळ ठेवलेल्या फोनमधून मुंगीएवढा आवाज आला असावा, कारण नळ बंद झाला आणि कुणीतरी फोन उचलला.

"तू अजून आहेस?" घड्याळजींनी विचारलं.

"कुठला हात?"

"उजवा. मनगट."

"कधी?"

"तू गेलीस त्याच्या चौथ्या दिवशी. माळ्यावरचं पातेलं काढायला स्टुलावर चढलो होतो."

मास्तरीणबाई खुर्ची शोधत होत्या. एका शिकाऊ बाईनं ती मागून सरकवली. रडू येत होतं आणि रागही आला होता, आणि या दोन्हींतलं आधी कुठलं बाहेर काढावं हे त्यांना कळत नव्हतं. शेवटी राग निघाला. मला परकी समजता का, मुलीला तरी सांगितलंत का, उजव्या हातानं जेवता कसे, सदऱ्याची बटणं कोण लावतं. मुलीलाही सांगितलं नव्हतं. चमच्यानं जेवत होते. बटणांचे सदरे सोडून दिले होते.

"पण मला का नाही सांगितलंत?"

"चार मिनिटांत ते बसत नव्हतं," घड्याळजी सावकाश म्हणाले. "सांगितलं असतं तर चारही मिनिटं तू काळजीच केली असतीस. फोन ठेवल्यावरही तीच केली असतीस. आणि मग तू म्हणालीस, कितीही बोला. तोवर ते शिळं झालं होतं. शिळं कसं वाढायचं?"

मग मास्तरीणबाईंना दुसरं आठवलं.

"ते दोघे भाऊ?"

"नाहीत ते."

"आणि आजोबा?"

"तेही नाहीत. दुकान बंद, हात बंद. दिवसभर बसून काय करणार? तू हसतेस ते ऐकायला बरं वाटायचं. म्हणून दिवसाला एक गिऱ्हाईक तयार करायचो. चार मिनिटांपुरतं जमायचं. कितीही म्हटल्यावर भांडवल संपलं."

"तो नवरदेवसुद्धा खोटा?"

इथं घड्याळजी जरा खाकरले. "तो थोडा खरा आहे. तो मी. पहिल्यांदा तुमच्या घरी आलो तेव्हा माझं घड्याळ बंद पडलं होतं. घड्याळजीचंच घड्याळ बंद, कसं सांगणार? तासभर मनगट झाकून बसलो होतो."

मास्तरीणबाईंना तो तास आठवला. समोरचा मुलगा सारखा बाही खाली ओढतोय हे त्यांनी तेव्हा पाहिलं होतं आणि बिचाऱ्याच्या हातावर काही डाग असेल म्हणून नजर वळवली होती. त्या हसायला लागल्या आणि हसता हसता डोळ्यांना पदर लावला. आठ बायका आणि दुभाषी भोवती उभ्या होत्या, आणि हसायचं की रडायचं हे त्यांना कुणी सांगत नव्हतं.

मास्तरीणबाईंनी पुढचं विमान धरून परत येते असं जाहीर केलं. घड्याळजींनी त्याला साफ नकार दिला. इतका ठाम नकार त्यांनी आयुष्यात क्वचितच दिला असेल. मग शेजारणीनं फोन हातात घेतला आणि रुग्णाचा रीतसर अहवाल दिला. हाड सरळ जुळलं आहे, सूज नाही, बोटं हलतात, दहा दिवसांत प्लास्टर निघेल, दोन्ही वेळचं जेवण तिच्याकडून येतं. रुग्ण ऐकत नाही, एवढीच तक्रार. मास्तरीणबाईंनी तिला सगळ्या सूचना दिल्या, मग नवऱ्याला परत बोलावून त्याच पुन्हा दिल्या, आणि उरलेला राग काढला. दुभाषीनं घड्याळात पाहिलं तेव्हा पन्नास मिनिटं झाली होती. कितीही बोला या सोयीचा खरा उपयोग त्या दिवशी झाला.

कापायचं काम त्या दिवशी मागं पडलं, पण कुणी कुरकुर केली नाही. दुसऱ्या दिवशी मास्तरीणबाईंनी आठही जणींना समोर बसवलं आणि झालं ते सगळं सांगितलं. हात मोडल्याचं ऐकून त्या हळहळल्या. मग मास्तरीणबाई जड मनानं म्हणाल्या की ते भाऊ, तो गजर, सगळं माझ्या नवऱ्यानं मनानं रचलं होतं; मी तुम्हाला खोटं सांगत होते, पण मला माहीत नव्हतं.

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. त्यांच्यातली सगळ्यात वयस्क बाई काहीतरी बोलली आणि दुभाषीला ते सांगताना हसू आवरेना.

"त्या म्हणतायत, ते आम्हाला पहिल्यापासून ठाऊक होतं. घड्याळाला काट्यांच्या दोन जोड्या कोण मागतं? तुम्ही एकट्याच खरं मानत होता. पण पुढं काय झालं ते विचारा."

मास्तरीणबाई क्षणभर ओशाळल्या. मग त्यांनी फोन लावला, त्याचा आवाज मोठा केला आणि तो कापडाच्या गठ्ठ्यावर मधोमध ठेवला. घड्याळजींना सांगितलं की इथं दहा बायका बसल्या आहेत आणि भावांचं पुढं ऐकायचं आहे.

"दहा?" घड्याळजींनी विचारलं.

"काजवाली धरून."

त्यांनी घसा साफ केला. मग सुरुवात केली. पहिली दोन वाक्यं अडखळत आली, पण तिसऱ्यापासून गाडी रुळावर आली. थोरल्या भावाच्या बायकोनं, कुणाला न सांगता, घड्याळ एका रविवारी बरोबर वेळेवर लावून ठेवलं होतं, आणि त्यामुळे त्या आठवड्यात थोरला, पुढच्या आठवड्यात धाकटा कामावर वेळेत पोचला आणि दोघांच्याही वरिष्ठांनी त्यांना बोलावून तब्येत बरी आहे ना असं विचारलं. घड्याळजी एक वाक्य सांगायचे, मास्तरीणबाई दुभाषीला सोपं करून द्यायच्या, दुभाषी पुढं, आणि हशा उठायचा तो वाक्यानंतर जरा उशिरानं. त्या उशिराची घड्याळजींना लवकरच सवय झाली. ते थांबायचे, हसू पोचू द्यायचे, मग पुढं जायचे.

बाकीचे दिवस भराभर गेले. आता फोन रोज लागे, पण त्यात बोलणं असेच असं नाही. मास्तरीणबाई फर्मे मांडत, तिकडे घड्याळजी डाव्या हातानं वर्तमानपत्र उलटत. मध्येच एखादा शब्द इकडून जाई, एखादा तिकडून येई. कुणी "अजून काय" म्हणालं तरी आता खुपत नव्हतं. मुलीलाही कळवून झालं. तिनं वडिलांना सुनावलं आणि सुट्टी काढून दोन दिवस राहून गेली. आठ बायकांमधल्या पाच जणींनी परीक्षेचा सदरा असा बेतला की चिंध्या खरोखरच मुठीत मावल्या.

प्लास्टर ठरल्या दिवशी निघालं. डॉक्टरांनी हलकं काम करायला परवानगी दिली, आणि मास्तरीणबाईंच्या परतीला चार दिवस उरले असताना घड्याळजींनी दुकानाचं कुलूप काढलं. फोन त्यांनी गल्ल्यावर उभा करून, आवाज मोठा करून ठेवला होता, कारण आता त्यांना दोन्ही हात लागत होते. झाडू फिरल्याचा आवाज आला, मग खुर्ची सरकली, मग घड्याळजी मनगट आखडल्याचं सांगत असतानाच बाहेरून कुणीतरी दुकान उघडलंत का असं विचारलं. बाईचा आवाज होता. ही बाई खरी होती; भिंतीवरचं घड्याळ पडून काच फुटली होती आणि लंबक वाकला होता.

घड्याळजींनी घड्याळ आडवं करून पाहिलं असावं. ते म्हणाले, आठवडा लागेल. बाईंना आठवडा फार वाटला. घरात दुसरं घड्याळ नाही, मुलांची शाळा आहे, तीन दिवसांत द्या. घड्याळजी म्हणाले, हात अजून मोकळा झालेला नाही. बाई म्हणाल्या, बघा ना काही जमतं का. अशी ओढाताण चालली, आणि इकडे मास्तरीणबाईंना राहवेना. काच बसवायला एक दिवस, लंबक सरळ करायला एक दिवस, आणि एक दिवस हाताच्या विश्रांतीला, हे त्यांनी मनात मांडून पाहिलं आणि ते नीट बसत होतं.

"तीन दिवसांत होईल," त्या फोनमधून म्हणाल्या. "रोज थोडं थोडं करतील. द्या त्यांना पावती."

मग त्या बाईनं विचारलं की कोण बोललं.

"मालकीणबाई," घड्याळजी म्हणाले. "परदेशातून."

"मग ठरलं," बाई म्हणाल्या. "तीन दिवस."

घड्याळजी पुटपुटत पावतीपुस्तक शोधायला लागले. खण उघडल्याचे, मिटल्याचे आवाज येत राहिले. ते वरच्या खणात, डाव्या बाजूला, जुन्या पट्ट्यांच्या खाली असेल, असं मास्तरीणबाईंनी सांगितलं, आणि खडू उचलून समोरच्या कापडावर पुढची बाही आखायला घेतली.